मेंथॉलचे वलय : डावा माल आणि उजवा माल

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही धान्याच्या बाजारावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. परंतु धान्याविषयी आमच्यापेक्षा अधिक जाणणारे सभासद आपल्या संघात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापुढे तूर व ज्वारीचे गुणदोष सांगणे म्हणजे आचाऱ्याला फोडणी शिकविण्यासारखे होय. म्हणून जी गोष्ट आम्ही पदरचा पैसा घालवून शिकलो, तीच येथे सांगावी असे ठरविले. गोष्ट रसायनशास्त्रातील आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. तेव्हा विषय पंडिताच्या थाटाने मांडणे आम्हांस शक्य नाही. एक व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्यास जसे समजावील तसे समजावण्याचा यत्न करतो.

वितळलेले डबे

सुमारे वीस वर्षांपूर्वीची हकीकत आहे. बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या पेढीवर धान्याखेरीज दुसरा माल क्वचितच येत असे. त्या वर्षी एका परगावच्या दलालाने मेंथॉलचे स्फटिक दाखविले. पुदिन्याच्या अर्कातून निघणारा, बाममध्ये, खोकल्याच्या गोळ्यांत आणि दंतमंजनात पडणारा तोच हा पदार्थ. पंचवीस किलोचे एक, असे दहा डबे होते आणि भाव बाजारापेक्षा पुष्कळ उतरता होता. जवळच्या जिल्ह्यातील एक बाम तयार करणारे गृहस्थ आमच्या ओळखीचे होते. त्यांच्याशी तोंडी बोलून आम्ही माल उचलला. वास घेतला, जिभेवर कण ठेवून पाहिला, थंडावा लागला. धान्याची पारख करणाऱ्या माणसाला याहून अधिक काय सुचणार?

चैत्र लागला आणि पत्र्याच्या गोदामात उष्मा वाढला. एके दुपारी मुनीमजी धावत येऊन म्हणाले, "शेठजी, डबे पाझरताहेत." उघडून पाहतो तो सुईसारखे शुभ्र स्फटिक वितळून तेलकट गोळा झालेला. आम्ही मेणाची भेसळ झाली असे समजून संतापलो. बाम करणाऱ्या गृहस्थांनी नमुना प्रयोगशाळेत पाठविला. उत्तर आले ते अधिकच चक्रावून टाकणारे होते : भेसळ नाही, शुद्धता उत्तम, पदार्थ मेंथॉलच, परंतु एका तपासणीत जेथे उणे पन्नासच्या आसपास आकडा यावयास हवा, तेथे शून्य आला आहे. गृहस्थांनी माल परत केला. दलालाकडे गेलो, तर त्याने शांतपणे बिल पुढे केले. 'मेंथॉल' या शब्दाच्या आधी 'डी. एल.' अशी दोन अक्षरे छापलेली होती. आम्ही ती कंपनीच्या नावाची आद्याक्षरे समजलो होतो. दलालाने फसविले नव्हते. आम्हीच वाचले नव्हते. तो माल पुढे ज्याला चालत होता त्याला तोट्यात विकला, आणि विषय मनात तसाच राहून गेला.

अलीकडे आमच्या धाकट्या बंधूंची कन्या रसायनशास्त्राची एम. एस्सी. होऊन घरी आली. तिच्यापुढे ही जुनी कहाणी निघाली तेव्हा ती हसून म्हणाली, "काका, तुमचा माल खोटा नव्हता. त्यातला निम्मा तुम्हाला हवा होता तोच होता. उरलेला निम्मा त्याचे आरशातले प्रतिबिंब होते." पुढे चार-पाच संध्याकाळी तिने जे समजावून सांगितले, त्याचे सार असे.

एकच घडण, दोन हात

आपले दोन्ही हात समोर धरून पाहावेत. बोटे पाच, अंगठा एक, सारे मोजमाप सारखे. तरीही उजवा हातमोजा डाव्या हातात चढत नाही. एक हात म्हणजे दुसऱ्याचे आरशातील रूप होय. काही पदार्थांच्या रेणूंचेही असेच असते. सन १८७४ मध्ये हॉलंडचे व्हान्ट हॉफ आणि फ्रान्सचे ल बेल यांनी स्वतंत्रपणे असे मांडले की, कार्बनच्या अणूला चार हात असून ते चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. या चार हातांत चार निरनिराळे गट धरलेले असले, तर तीच मांडणी दोन प्रकारे होऊ शकते, एक डावी आणि एक उजवी. त्याच्याही आधी, १८४८ साली, लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहून चिमट्याने एकेक वेचले आणि डाव्या ठेवणीचे व उजव्या ठेवणीचे असे दोन ढीग केले होते. निवडणाऱ्या बाया जसे खडे वेगळे काढतात, तसेच ते काम होते. दोन्ही ढिगांचे पाणी केले असता एकाने प्रकाशाची पातळी डावीकडे वळविली आणि दुसऱ्याने तितकीच उजवीकडे. आमच्या मालाची जी तपासणी शून्य आली ती हीच होय. डावा माल व उजवा माल समसमान असल्यामुळे एकाचे वळण दुसऱ्याने फेडून टाकले आणि बाकी शून्य राहिली.

मेंथॉलमध्ये अशा डाव्या-उजव्या जागा एक नव्हे, तीन आहेत. हिशेब सोपा आहे : दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. एकाच सूत्राने, एकाच वजनाचे, आठ निरनिराळे पदार्थ संभवतात. त्यांपैकी पुदिन्यात जो प्रामुख्याने असतो आणि ज्याचा थंडावा सर्वांत सरस असतो तो एकच. तो प्रकाश डावीकडे वळवितो म्हणून त्यास डावे मेंथॉल म्हणतात. आपल्या बोलीत डावे म्हणजे कमी प्रतीचे. येथे मात्र डावाच माल अस्सल ठरतो. त्याचा वितळणबिंदू ४२ ते ४३ अंश सेल्सिअस आहे. डावे व त्याचे उजवे प्रतिबिंब यांचे समभाग मिश्रण मात्र ३५ अंशांच्या आसपासच वितळते. आमच्या गोदामातील डबे चैत्रात का पाझरले, याचे उत्तर वीस वर्षांनी असे मिळाले.

थंडावा एकाच रूपाचा सरस का, असे कोणी विचारील. मेंथॉलने त्वचा खरोखर गार होत नाही. आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारा एक ग्राहक असतो, त्याचा शोध २००२ साली लागला. या क्षेत्रातील कार्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंथॉल त्या ग्राहकाला चाळवते आणि मेंदूस थंडी वाजल्याचा निरोप जातो. शरीरातील असे ग्राहक स्वतःच एका हाताचे असतात. कुलूप एका हाताचे असले म्हणजे किल्लीचा हातही पाहावा लागतो.

लुईसचे आम्ल म्हणजे काय

पुदिन्याचे रोप आपल्या विकरांच्या साहाय्याने नेमका डावा माल बनविते. कारखान्यात तोच बनवावयाचा, तर आठांतून एक कसा साधावयाचा? येथे ज्याचे नाव पुढे येते ते 'लुईसचे आम्ल'.

आम्ल म्हटले की चिंच, लिंबू, फार तर बॅटरीतील तेजाब डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९२३ साली या शब्दाचा अर्थ फार व्यापक केला. अणू एकमेकांस धरून ठेवतात ते इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांनी, हे त्यांनी १९१६ मध्येच सांगितले होते. आता ते म्हणाले की, ज्याच्या पदरी एका जोडीची जागा रिकामी आहे आणि जो दुसऱ्याकडील जोडी स्वीकारतो तो आम्ल. जो जोडी देऊ करतो तो अल्क. खतावणीच्या भाषेत सांगावयाचे तर ज्याच्या खात्यात जमेची बाजू कोरी आहे आणि जो सावकाराच्या शोधात आहे तो लुईसचे आम्ल. ॲल्युमिनियमचे क्लोराइड, बोरॉनचे फ्लोराइड, टायटॅनियमचे क्लोराइड, जस्ताचे क्लोराइड व ब्रोमाइड ही त्याची ठळक उदाहरणे. लुईस यांना नोबेल पारितोषिक कधी मिळाले नाही, परंतु त्यांच्या या व्याख्येवाचून आजचे रसायनशास्त्र चालत नाही.

हे आम्ल करते काय? सेंद्रिय पदार्थांतील ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या शिलकी असतात. आम्ल तेथे जाऊन बिलगते व जोडी आपल्याकडे ओढते. त्यामुळे ऑक्सिजनला जोडलेल्या कार्बनकडे इलेक्ट्रॉनांचा तुटवडा पडतो. तुटवडा पडला की तो कार्बन दुसऱ्या ठिकाणचे इलेक्ट्रॉन स्वीकारण्यास उतावीळ होतो. जो सौदा महिनोन् महिने रेंगाळला असता तो लगेच तुटतो. सौदा पुरा झाला की आम्ल हात सोडून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते. आपल्या बाजारात हे काम अडत्या करतो : माल त्याचा नसतो, पैसा त्याचा नसतो, पण त्याच्यावाचून दोघांची गाठ पडत नाही. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात.

याचा वेग किती वाढतो, याचे एक उदाहरण १९६० साली येट्स आणि ईटन यांनी दिले. डील्स आणि आल्डर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२८ मध्ये दोन रेणू जोडून वलय बनविण्याची एक क्रिया वर्णिली होती व तीबद्दल त्यांस १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच जातीची एक क्रिया साध्या तापमानास जवळजवळ पूर्ण होण्यास सुमारे ४,८०० तास, म्हणजे दोनशे दिवस लागतील असा हिशेब होता. ॲल्युमिनियम क्लोराइड घालताच ती दीड मिनिटात पुरी झाली.

या अडत्याचा एक दोष धान्यवाल्यांस तत्काळ कळेल, तो म्हणजे ओलावा. पाण्यातील ऑक्सिजनकडेही इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात. माल ओला असेल तर आम्ल पाण्यासच बिलगून बसते आणि मूळ काम राहून जाते. म्हणून पात्र, द्रव आणि माल सारे कोरडे ठण ठेवावे लागते. पावसाळ्यात गोदामाची जी चिंता आपणांस असते, तीच त्या कारखान्यास बारमाही असते.

साखळीची कडी लागते कशी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सिट्रोनेलाल नावाचा एक पदार्थ आहे. गवती चहाच्या जातीच्या सिट्रोनेला गवताच्या तेलात तो असतो. त्याचा रेणू म्हणजे एक उघडी साखळी. तिच्या एका टोकास कार्बन व ऑक्सिजन यांची जोडी आहे, दुसऱ्या टोकाजवळ कार्बन-कार्बनचा दुहेरी बंध आहे, आणि मध्ये एका ठिकाणी एक लहान फाटा आहे. हा फाटा जेथे आहे तेवढीच एक डावी-उजवी जागा या साखळीत आहे.

मेंथॉल हे सहा कार्बनांचे वलय आहे. म्हणजे या साखळीची दोन टोके वाकवून कडी लावली पाहिजे. कडी लावताच दोन नव्या डाव्या-उजव्या जागा निर्माण होतात. पहिली जागा आधीच ठरलेली असली तरी उरलेल्या दोन जागांमुळे चार निरनिराळी वलये संभवतात. नुसत्या उष्णतेने कडी लावू पाहिली तर चारांचे मिश्रण हाती येते, आणि त्यातील नको असलेला भाग वेगळा काढण्यात नफा संपतो.

जस्ताचे ब्रोमाइड येथे अडत्या होते. ते टोकाच्या ऑक्सिजनला धरते. तेथील कार्बन उतावीळ होऊन दुहेरी बंधाच्या इलेक्ट्रॉनांस ओढून घेतो. साखळी वाकते, आणि वाकताना ती आरामखुर्चीच्या आकारात बसते. वलयाची ही खुर्ची रसायनशास्त्रात प्रसिद्ध आहे. खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येक गटास दोन जागा असतात : एक बाहेरच्या बाजूस, ऐसपैस, आणि दुसरी सरळ वर किंवा खाली, जेथे शेजाऱ्याशी धक्काबुक्की होते. भरल्या बैठकीत जाडजूड मनुष्य कडेची मोकळी जागा शोधतो, तसे मोठे गट बाहेरची जागा शोधतात. साखळीचा फाटा बाहेर बसतो. जस्ताने धरलेला ऑक्सिजन जस्तासह अवजड झालेला असतो, तोही बाहेर बसतो. दुहेरी बंधाकडील तिसरा गटही बाहेर बसतो. तिघेही बाहेर बसले, की त्याच स्थितीत कडी लागते. चारांपैकी जे एक वलय हवे होते, आयसोपुलेगॉल नावाचे, ते असे मुख्यत्वे तयार होते. जस्ताच्या ब्रोमाइडने शंभरात नव्वदाहून अधिक भाग हेच वलय मिळते, हे १९७८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जस्ताच्या ब्रोमाइडला स्वतःचा डावा-उजवा हात नाही. हात होता तो साखळीवरील फाट्याचा. जस्ताने केले ते एवढेच की, त्या एका जागेचा कौल उरलेल्या दोन जागांपर्यंत चुकता पोहोचविला. मूळ साखळीच मिश्र हाताची असली, तर जस्त काहीही करू शकत नाही. वलयेही मिश्रच येतील. पुतणीने हे सांगितले तेव्हा आम्ही म्हणालो, "म्हणजे बियाणे मिसळलेले असले तर चाळण कितीही बारीक असो, पीक मिसळलेलेच येणार." ती म्हणाली, "अगदी तसेच, काका."

आणखी एक गोष्ट आम्हांस फार आवडली. सिट्रोनेलाल व आयसोपुलेगॉल यांचे रासायनिक सूत्र एकच आहे : कार्बन दहा, हायड्रोजन अठरा, ऑक्सिजन एक. कडी लागताना काही गळत नाही, काही वाढत नाही. हिशेबाने शंभर किलो साखळीची शंभर किलो वलये. गोदामात घट धरून चालणाऱ्या आम्हां लोकांस हे ऐकून हेवा वाटला.

पुढचे काम सोपे. वलयावर राहिलेल्या दुहेरी बंधात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन भरला की डावे मेंथॉल तयार होते. त्या क्रियेत तिन्ही जागांना धक्का लागत नाही.

जपानची घडण

नैसर्गिक मेंथॉलच्या व्यापारात एके काळी जपानचा वरचष्मा होता. होक्काइडो बेटावरील कितामी हा त्याचा बालेकिल्ला. १९३० ते १९४० या दशकाच्या अखेरीस जगातील सुमारे ७० टक्के मेंथॉल तेथून जात असे. महायुद्धानंतर ब्राझील, चीन व भारत यांच्या स्वस्त मालापुढे ती शेती टिकली नाही. आणि मग त्याच जपानने मेंथॉल कारखान्यात घडविण्याची सर्वांत नामांकित पद्धत काढली.

ताकासागो या कंपनीने १९८३ च्या सुमारास ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली. प्रारंभ होतो पाईनच्या झाडाच्या टर्पेंटाइनपासून. त्यापासून मिळविलेल्या साखळीत डावी-उजवी जागाच नसते. ती जागा योग्य हाताने निर्माण करण्याचे काम ऱ्होडियम धातूच्या एका उत्प्रेरकाने होते. तो उत्प्रेरक स्वतः एका हाताचा असतो. रियोजी नोयोरी यांच्या संशोधनातून तो आला. नोयोरी यांना २००१ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या पद्धतीचे सिट्रोनेलाल गवताच्या तेलातील सिट्रोनेलालपेक्षाही अधिक एकहाती असते, हे विशेष. त्यानंतर वर सांगितलेली जस्ताच्या ब्रोमाइडची पायरी येते. एक उत्प्रेरक पहिल्या जागेचा हात ठरवितो आणि दुसरा, म्हणजे लुईसचे आम्ल, तो हात बाकीच्या दोन जागांवर कायम करतो.

तरीही शंभरातील काही भाग नको असलेली वलये राहत. ती काढण्यासाठी आयसोपुलेगॉल थंड करून स्फटिकरूपाने वेगळे करावे लागे. शिवाय जस्ताचे ब्रोमाइड पुष्कळ लागे आणि काम झाल्यावर जस्तयुक्त सांडपाणी उरे. पुढे याच कंपनीने ॲल्युमिनियमचे एक नवे आम्ल काढले, ज्याच्या भोवती मोठमोठे कार्बनी गट बांधलेले आहेत. अडत्याबरोबर जणू चार धिप्पाड हमाल उभे केले. गर्दी एवढी वाढली की साखळीला तिघांनाही बाहेर बसविण्यावाचून गत्यंतर उरले नाही. परिणामी शंभरात ९९ हून अधिक भाग हवे तेच वलय मिळू लागले, आणि आम्लही थोडके पुरते. नव्वद-बाण्णव आणि नव्याण्णव यांतील अंतर शाळेच्या गुणपत्रिकेत किरकोळ वाटेल. परंतु हजार टन मालावर ते सत्तर-ऐंशी टनांचे आहे, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

येथे आणखी एक मौज आहे. आम्लाला स्वतःचाच एक हात दिला तर? मग साखळीत आधीची जागा नसली तरी वलय एका हाताचे मिळावे. १९७९ मध्ये जपानच्या कोगा यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमला मेंथॉलचाच रेणू जोडून असे आम्ल तयार केले. त्याच्या साहाय्याने डील्स-आल्डर क्रियेत वलय बनविले, तेव्हा एका हाताची सुमारे ८६ व दुसऱ्या हाताची १४ असे प्रमाण मिळाले. आम्लाच्या साहाय्याने ज्याचे वलय घडते, ते मेंथॉलच दुसऱ्या आम्लास हात देऊ शकते. पुढे अशा एकहाती आम्लांचा औषधनिर्मितीतील उपयोग पुष्कळ वाढला.

आपला पुदिना आणि कारखाना

हे सारे वाचून एखाद्या सभासदास चिंता वाटेल की, मग आपल्या शेतकऱ्याच्या पुदिन्याचे काय? जर्मनीतील बी. ए. एस. एफ. कंपनीने १८९७ मध्ये कारखान्यातील नीळ बाजारात आणली आणि त्यानंतर आपल्याकडील निळीची शेती कशी उतरणीस लागली, हे सर्वश्रुत आहे. त्याच कंपनीने २०१२ साली लुडविग्सहाफेन येथे मेंथॉलचा मोठा कारखाना उघडला. साम्य पाहून मन धास्तावते, हे खरे.

परंतु निळीचे जे झाले ते पुदिन्याचे झालेले नाही. उत्तर प्रदेशातील बाराबंकी, संभल, रामपूर या भागांत मेंथा पुदिन्याची लागवड मोठी आहे, आणि नैसर्गिक मेंथॉलच्या पुरवठ्यात भारत अग्रस्थानी आहे. लखनौ येथे १९५९ साली स्थापन झालेल्या व आज सीमॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने 'कोसी'सारखे वाण दिले, त्यांमुळे शेतकऱ्यास रब्बीच्या पिकानंतर व खरिपापूर्वी हे पीक काढता येऊ लागले. रोपाला ना ऱ्होडियम लागते, ना जस्त. तिन्ही जागा ते आपोआप योग्य हाताने भरते. उलटपक्षी कारखान्यास अवकाळी पाऊस बाधत नाही आणि त्याच्या मालाची प्रत वर्षभर एकसारखी राहते. भाव चढला की मोठे ग्राहक कारखान्याकडे वळतात, उतरला की शेताकडे. तेव्हा या मालात हात घालणाऱ्याने केवळ बाराबंकीचा पाऊस पाहून चालत नाही, लुडविग्सहाफेनच्या भट्टीकडेही लक्ष ठेवावे लागते.

सभासदांस विनंती

आमच्या वीस वर्षांपूर्वीच्या तोट्यातून आणि पुतणीच्या चार संध्याकाळांतून आम्ही जे घेतले ते थोडक्यात सांगून लेखणी खाली ठेवतो.

आपले बहुतेक सभासद आता धान्यापुरते थांबलेले नाहीत. नव्या पिढीने अर्क, सुगंधी तेले, औषधी द्रव्ये, खाद्यपदार्थांत पडणारी रसायने यांचा व्यापार धरला आहे. अशा मालात नाक, जीभ व डोळा ही आपली वडिलोपार्जित मापे अपुरी पडतात. शुद्धतेचा आकडाही अपुरा पडतो. आमचा माल शुद्धच होता. म्हणून सौदा करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. नावाआधीची अक्षरे कोणती आहेत, एल आहे की डी. एल., ते पाहावे. प्रकाश वळविण्याचा आकडा विचारावा. डाव्या मेंथॉलचा तो उणे पन्नासच्या आसपास असतो. आणि वितळणबिंदू विचारावा. ४२ अंशांच्या आसपास असेल तर ठीक, पस्तिशीत असेल तर तो दुसरा माल आहे. डी. एल. माल त्याज्य आहे असे नव्हे. काही कामांस तो चालतो आणि त्याचा भावही त्याप्रमाणे उतरता असतो. मात्र ज्यास जे हवे त्यास ते, त्याच नावाने आणि त्याच भावाने द्यावे, यातच पेढीची अब्रू आहे.

त्या दहा डब्यांतील मूठभर माल आम्ही एका बाटलीत घालून पेढीच्या कपाटात ठेवला आहे, आणि शेजारी अस्सल डाव्या मेंथॉलची दुसरी बाटली ठेवली आहे. नवा मुलगा कामास लागला की चैत्रातल्या एखाद्या दुपारी दोन्ही बाटल्या त्याच्या हाती देतो. एकीतील स्फटिक तसेच उभे असतात, दुसरीतले पाणी झालेले असते. दोन्हींवर मेंथॉल हेच नाव लिहिलेले आहे. मग त्यास सांगतो, "बाळ, आता दोन्ही बाटल्यांवरची अक्षरे पुन्हा एकदा नीट वाच."